इंजिनगप्पा: न्यू साउथ वेल्सची ४४ क्लास आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स रेल्वेच्या ४४ क्लास डिझेल इंजिनाचा एक फोटो छापला होता, खाली फक्त एवढंच की अशी १०० इंजिनं १९५७ ते १९६८ या काळात बनली आणि भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-१ या डिझेल इंजिनाची ही अगदी जवळची नातेवाईक. त्यावर भरपूर प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं जागेचा विचार न करता लिहिलंय.

प्रश्न (नागपूर): नमस्कार सर, वडील रेल्वेत होते म्हणून इंजिनांची आवड. मला एक कळत नाही, ऑस्ट्रेलियात कोळसा एवढा भरपूर, मग डिझेलकडे वळायची घाई का केली? आणि ४४ च्या आधी तिकडं डिझेल नव्हतीच का?

उत्तर: कोळसा भरपूर होता पण तो खाणीत होता, आणि खाणीतून निघून वेळेवर इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळशाच्या डब्यात, पडेल याचा भरवसा युद्धानंतर राहिला नव्हता. १९४९ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत खाणकामगारांचा मोठा संप झाला, वीज, कारखाने, रेल्वे सगळंच अडकलं, शेवटी सरकारनं खाणींमध्ये सैन्य उतरवलं. त्यात युद्धाच्या काळात वाफेची इंजिनं मरमर राबलेली आणि देखभाल मागं पडलेली. शिवाय वाफेच्या इंजिनाचं दिवसभराचं गणितच वेगळं, थोड्या थोड्या अंतरावर पाणी घ्या, कोळसा घ्या, राख काढा, रात्री आग धरून ठेवायला माणूस ठेवा, आणि न्यू साउथ वेल्स म्हणजे किनारा सोडून पश्चिमेला गेलं की पाण्याचीच बोंब.

डिझेल आधी होती. १९५१-५२ मध्ये कॅनडातून माँट्रिअल लोकोमोटिव्ह वर्क्सची २० इंजिनं आणली, ती ४० क्लास. मग ४१ क्लास ब्रिटिश बनावटीची १०, ४२ क्लास क्लाइड कंपनीची ६, ४३ क्लास गुडविनची ६. आकडे बघितले की लक्षात येतं, थोडी थोडी घेऊन चाचपणी चालली होती, कुणाचं काय टिकतं ते बघत होते. ४१ क्लासनं बराच त्रास दिला. ४० क्लासच्या आत अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं २४४ नावाचं जुनं डिझेल इंजिन होतं आणि ते जगभर तक्रारींसाठीच ओळखलं गेलं, क्रँकशाफ्ट आणि टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) भानगडी. अल्कोनं त्यावरून धडा घेऊन २५१ हे नवीन इंजिन काढलं आणि ४४ क्लासला ते मिळालं, १२ सिलिंडरचं २५१बी, १८०० हॉर्सपॉवर, सहाच्या सहा आसांना मोटर, वेग ताशी १२१ किलोमीटरपर्यंत. बांधली सिडनीच्या ए. ई. गुडविन कंपनीनं, अल्कोच्या लायसनवर.

माझ्या मते ४४ ची खरी गोष्ट इथंच आहे. सर्वात ताकदवान, सर्वात वेगवान असलं कुठलंच पहिलेपण तिच्या नावावर नाही. पण आधीच्या चार क्लासांची मिळून ४२ इंजिनं आणि ही एकटी १००, ११ वर्षं त्याच डिझाइनच्या ऑर्डरी देत राहिले, म्हणजे रेल्वेला भरवशाचं काहीतरी पहिल्यांदाच सापडलं होतं. १९४० च्या दशकातली ३८ क्लास वाफेची इंजिनं तिकडं लोकांच्या मनात आजही राज्य करतात, त्यातल्या ३८०१ नंबरच्या इंजिनावर तर लोक जीव टाकतात, आणि त्या ३८ कडच्या एक्स्प्रेस गाड्या काढून घेणारी म्हणजे मुख्यतः ही ४४. त्यामुळे बरीच वर्षं तिला प्रेम कमीच मिळालं असावं. नियमित वाफ १९७३ मध्ये तिकडं संपली.

प्रश्न (भुसावळ): तुम्ही नातेवाईक म्हणता, पण फोटोत तर ती आपल्या कुठल्याच डिझेलसारखी दिसत नाही. डब्ल्यूडीएम-१ शी नेमकं नातं काय?

उत्तर: कारण तुमच्या डोळ्यासमोर डब्ल्यूडीएम-२ येतंय, ज्याला पुढं-मागं हूड (यंत्रावरचं अरुंद झाकण) आणि मधेच कॅब, म्हणजे ड्रायव्हरची खोली. डब्ल्यूडीएम-१ त्याच्या आधीचं आणि दिसायला पूर्ण वेगळं, गोल नाकाचं, अख्ख्या रुंदीची बॉडी, डब्यासारखी.

अल्कोनं पन्नासच्या दशकात अमेरिकेबाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी डीएल५०० नावाचं मॉडेल काढलं, त्याला वर्ल्ड सिरीज म्हणायचे, आणि ते खरंच जगभर गेलं, स्पेन, अर्जेंटिना, पेरू, पाकिस्तान. भारतानं त्यातली १०० घेतली, थेट अमेरिकेत बनलेली, ती डब्ल्यूडीएम-१, ब्रॉडगेज मेनलाइनवरची आपली पहिली डिझेल. न्यू साउथ वेल्सनं पण १०० घेतली पण सिडनीत बांधून, ती ४४ क्लास. आतलं इंजिन दोघांतही १२ सिलिंडरचं २५१. दोन्हीकडं सुरुवात १९५७ च्याच सुमारास. एकाच घरातल्या दोन मुली एकाच साली दोन वेगळ्या सासरी गेल्या म्हणा.

आणि सासरी काय झालं ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडं डब्ल्यूडीएम-१ प्रामुख्यानं पूर्वेकडं, कोळसा-खनिजाच्या अवजड मालगाड्यांवर गेली, महाराष्ट्रात तिचं फारसं दर्शन झालं नाही म्हणून आपल्याकडं ती कुणाला आठवत नाही. लगेच १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ यायला लागलं, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, १९६४ पासून तर वाराणसीत बनायला लागलं आणि अडीच हजारांच्या वर बनलं. त्या पुरापुढं १०० इंजिनांचं काय होणार, डब्ल्यूडीएम-१ बाजूला पडली. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र तेच डिझाइन तीसेक वर्षं मेनलाइनवर रोजचं काम करत राहिलं. इंजिन तेच. फरक पडला तो कशामुळे, तर माझं मत पुढच्या उत्तरात.

प्रश्न (कल्याण): ४४ चा फोटो एका बाजूनं बघितला तर गोल नाक, आणि नेटवर दुसऱ्या बाजूचा फोटो बघितला तर चपटं तोंड, मधोमध दार! दोन वेगळी इंजिनं आहेत का ही?

उत्तर: नाही, एकाच इंजिनाची दोन टोकं. एका टोकाला, ज्याला नंबर एक म्हणायचे, मोठं गोल नाक आणि त्याच्यामागं उंचावर कॅब. दुसऱ्या टोकाला नाकच नाही, भिंतीसारखं सपाट तोंड, दोन काचा, मधे दार, आणि आत दुसरी पूर्ण कॅब. दोन इंजिनं जोडली की त्या दारातून एकातून दुसऱ्यात जाता येतं.

हे दुसरं टोक दिसायला साधं आहे, फोटोवाले त्याच्याकडं फिरकत नाहीत, पण या क्लासचं आयुष्य त्या टोकानं ठरवलं असं मला मनापासून वाटतं. अल्कोच्या मूळ डिझाइनमध्ये कॅब एकच होती. डब्ल्यूडीएम-१ ला एकच कॅब. म्हणजे गाडी घेऊन टोकाच्या स्टेशनला पोचलात की परत यायला इंजिन फिरवायला लागणार, टर्नटेबल (इंजिन फिरवायचा गोल फिरता पूल) पाहिजे नाहीतर ट्रायँगल (रुळांचा त्रिकोण) पाहिजे, नाहीतर दोन इंजिनं पाठीला पाठ लावून चालवा, म्हणजे एका इंजिनाच्या कामाला दोन अडकली. वाफेच्या काळात टर्नटेबल सगळीकडं होती त्यामुळे सुरुवातीला कुणाला टोचलं नाही, पण डिझेल घ्यायचं कारणच मुळी तो सगळा पसारा कमी करणं हे होतं, आणि एकदा टर्नटेबल मोडीत निघाली की एका कॅबचं इंजिन गळ्यात पडतं.

न्यू साउथ वेल्सनं पहिल्यापासून दुसरी कॅब मागून घेतली. त्यांच्या शेजारी साउथ ऑस्ट्रेलियानं याच डीएल५०० कुटुंबातली ९३० क्लास १९५५ पासून घेतली, एकूण ३७, तर त्यातली पहिली सहा एका कॅबची होती आणि त्यानंतरची सगळी दोन कॅबची. म्हणजे सहा चालवून बघितली आणि कळलं. डब्ल्यूडीएम-२ ला पण कॅब एकच आहे पण ते हूडवालं, आत दोन्ही दिशांसाठी कंट्रोल स्टँड, ड्रायव्हर दोन्हीकडं बघू शकतो, लाँग हूड पुढं ठेवून चालवताना समोरचं नीट दिसत नाही ही तक्रार कायमची पण इंजिन फिरवल्याशिवाय काम भागतं. डब्ल्यूडीएम-१ मध्ये ती पण सोय नाही. १८०० हॉर्सपॉवर दोघींची सारखी, पण रोज शेडमध्ये इंजिन लावणाऱ्या माणसाला एक वापरायला सोपी होती आणि दुसरी अवघड.

प्रश्न (पुणे, घोरपडी): आमचं लहानपण घोरपडी शेडच्या अल्कोंच्या आवाजात गेलं. ४४ पण तसाच आवाज करायची का, आणि तसाच काळा धूर सोडायची का?

उत्तर: हो आणि हो! तुम्हाला सिडनीत कुणी डोळे बांधून ४४ शेजारी उभं केलं असतं तरी घोरपडीच वाटलं असतं. २५१ हे चार स्ट्रोकचं इंजिन, आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी नुसतं चालू असताना, ते एकसारखं गुरगुरत नाही, लंगडत चालल्यासारखी लय असते, धडक-धडक-थांब, धडक-धडक-थांब. बाजूला जनरल मोटर्सचं दोन स्ट्रोकचं इंजिन उभं असेल, तिकडं ४२ क्लास वगैरे, तर त्याचा आवाज सपाट, सलग. तुमच्याकडं १६ सिलिंडर आणि ४४ ला १२, त्यामुळे लय थोडी वेगळी पण घराणं एकच.

धुराचं कारण टर्बो. इंजिन आयडलिंगला असतं तेव्हा एक्झॉस्टमध्ये जोर नसतो त्यामुळे टर्बो निवांत फिरत असतो. ड्रायव्हरनं नॉच (ताकद वाढवायच्या हँडलचे टप्पे) उघडले की इंधन सांभाळणारा गव्हर्नर लगेच डिझेल वाढवतो, पण हवा लगेच वाढत नाही, टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, आणि त्या सेकंदांत डिझेल जास्त, हवा कमी, ते अर्धवट जळतं आणि काजळी होऊन वर जातं. मग टर्बोची शिट्टी चढत जाते आणि धूर पातळ होत होत जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून स्टेशनातून निघताना ढग आणि पुढं आकाश साफ. जिथं धूर शेवटपर्यंत काळाच राहतो तिथं मात्र टर्बो, इंजेक्टर किंवा एअर फिल्टरमध्ये काहीतरी बिघडलेलं असतं, हे तुमच्या शेडमधल्या कुठल्याही फिटरनं सांगितलं असतं.

अजून एक साम्य बघा. इंजिनाखालच्या बोगीतल्या (चाकं बसवलेल्या सांगाड्यातल्या) तीन आसांमधलं अंतर सारखं नाही, दोन जवळ आणि एक लांब. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत तुम्ही हे बघितलंच असेल, ट्रायमाउंट बोगी म्हणतात तिला, ४४ ला त्याच घाटाची. मोटरींना जागा करायची म्हणून ते अंतर असं विषम.

प्रश्न (अकोला, इयत्ता नववी): काका, ४४ क्लासच्या इंजिनांचे नंबर ४४ ने सुरू होतात असं वाचलं, मग १०० इंजिनं कशी बसली? ४४०० पासून ४४९९ का?

उत्तर: छान प्रश्न आहे तुझा. त्यांनी ४४०० वापरलाच नाही, सुरुवात ४४०१ पासून केली. त्यामुळे शंभरावं इंजिन आलं ४५००! नंबर ४५ ने सुरू होतो पण इंजिन ४४ क्लासचं. आणि ४५ क्लास नावाचा वेगळा क्लास पण आहे, तो ४५०१ पासून सुरू होतो, एकूण ४०. गंमत म्हणजे ४५ क्लास १९६२ मध्येच आला होता आणि ४४ ची ऑर्डर १९६८ पर्यंत चालली, त्यामुळे ४५०० हे ४५०१ पेक्षा वयानं लहान. पुढं ४४२ क्लास आला, तर त्याला पाच आकडी नंबर दिले, ४४२०१ पासून.

तू अकोल्याचा म्हणून एक सांगतो. अकोल्यावरून जी मीटरगेज गाडी खंडव्याकडं जायची तिच्यावर वायडीएम-४ इंजिन असायचं, घरी मोठ्यांना विचार, त्यांना आठवेल. त्यात २५१ च होतं, सहा सिलिंडरचं. सिडनीकडच्या ४८ क्लासमध्ये पण सहा सिलिंडरचं २५१. म्हणजे ६, १२, १६ सिलिंडर असे भाऊ, पिस्टन-सिलिंडर हेड एकाच जातीचं. शेडला याचा केवढा फायदा, सुटे भाग आणि हात बसलेले कारागीर दोन्ही एकातून दुसऱ्यात चालतात.

प्रश्न (मिरज): तिकडं पण आपल्यासारखी गेजची भानगड होती असं ऐकलंय. ४४ क्लास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची का? आणि ती आपल्या रुळावर चालली असती का?

उत्तर: मिरजेच्या माणसानं हा प्रश्न विचारावा हे अगदी बरोबर, तुमच्याकडं एकाच जंक्शनला ब्रॉड, मीटर आणि नॅरो तिन्ही बघितलेली माणसं आहेत, कोल्हापूरकडच्या लोकांना मुंबईहून येताना पुण्याला गाडी बदलायला लागायची ते दिवसही आठवत असतील.

ऑस्ट्रेलियात तर देशाचे तुकडेच गेजनं पडले होते. न्यू साउथ वेल्सचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, शेजारच्या व्हिक्टोरियाचं १६००, क्वीन्सलँडचं १०६७. मूळ भांडण १८५० च्या दशकातलं, न्यू साउथ वेल्सच्या आयरिश इंजिनिअरनं १६०० चा आग्रह धरला, बाकीच्यांनी मान्य केला, मग तो इंजिनिअर गेला, नवीन आला, त्यानं १४३५ म्हटलं, तोपर्यंत व्हिक्टोरियानं सामान मागवून टाकलेलं. त्या एका बदलाची किंमत लोकांनी शंभर वर्षं मोजली. दोन्ही राज्यांच्या लाइनी सीमेवर ऑल्बरीला १८८३ मध्ये जुळल्या, पण जुळल्या म्हणजे नुसत्या समोरासमोर आल्या. सिडनीहून मेलबर्नला जाणारा माणूस ऑल्बरीला उतरायचा, बॅगा, पोरं, अंगावरची कांबळी सगळं घेऊन लांबलचक फलाट ओलांडायचा आणि पलीकडच्या दुसऱ्या गेजच्या गाडीत बसायचा. मालाचं तर विचारूच नका, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हातानं.

मग १९६२ मध्ये व्हिक्टोरियात ऑल्बरीपासून मेलबर्नपर्यंत १४३५ ची वेगळी लाइन टाकली, जानेवारीत मालगाड्या आणि एप्रिलमध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. सदर्न अरोरा ही नवी कोरी गाडी तेव्हाच निघाली, पूर्ण स्लीपर, स्टेनलेस स्टीलचे चकचकीत डबे, संध्याकाळी ८ ला निघायची आणि सकाळी ९ ला दुसऱ्या शहरात, साधारण ९६० किलोमीटर, मधे कुठंही गाडी बदलायची नाही. व्हिक्टोरियाची १९३७ पासूनची नावाजलेली स्पिरिट ऑफ प्रोग्रेस, जी तोवर ऑल्बरीपर्यंतच यायची, ती पण सिडनीपर्यंत वाढवली. आणि न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत या दोन्ही गाड्यांच्या पुढं तुम्हाला ४४ क्लास दिसायची, बऱ्याचदा दोन जोडून, ऑल्बरीपुढं व्हिक्टोरियाची एस क्लास. ४४ ला जे काही वैभव मिळालं ते या रात्रीच्या गाड्यांवर. गडद तांबडं इंजिन, पिवळे पट्टे आणि मागं चांदीसारखे डबे, जुने रंगीत फोटो बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आपलं ब्रॉडगेज १६७६ त्यामुळे ४४ आहे तशी चालली नसती, बोगीच बदलायला लागली असती. पण तेच डिझाइन वेगवेगळ्या गेजच्या बोगीवर बसवणं हाच डीएल५०० चा मुद्दा होता, न्यू साउथ वेल्समध्ये १४३५ वर, साउथ ऑस्ट्रेलियात १६०० वर आणि आपल्याकडं १६७६ वर.

प्रश्न (नाशिक रोड): फक्त एक्स्प्रेसच ओढायच्या का? आणि घाटात कशा चालायच्या, आपल्या कसारा-खंडाळ्यासारखे घाट आहेत का तिकडं?

उत्तर: छे छे, एक्स्प्रेसचं नाव झालं पण पोट मालगाड्यांवरच. गहू, कोळसा, मिश्र माल, मेल गाड्या, जे मिळेल ते. दोन-तीन ४४ जोडून किंवा ४४ सोबत ४५, ४८ अशी मिसळ करून मल्टिपलमध्ये चालवायचे, पुढच्या एका ड्रायव्हरच्या हातात सगळ्यांचे नॉच. वाफेच्या काळात प्रत्येक इंजिनाला वेगळा ड्रायव्हर आणि फायरमन, शिट्ट्यांच्या खुणेवर मेळ, त्यामुळे ही सोय खर्चाच्या दृष्टीनं केवढी मोठी होती ते समजून घ्या.

घाट आहेत. सिडनीच्या उत्तरेला हॉक्सबरी नदीवरून कोवानकडं चढताना १ इन ४० चढ (४० फुटांत १ फूट) आहे, आपला बोरघाट १ इन ३७, म्हणजे जवळपास सारखाच. पश्चिमेला ब्लू माउंटन्सचा डोंगर. पण गंमत अशी की या दोन्ही ठिकाणी लवकरच वीज आली, पश्चिमेला लिथगोपर्यंत १९५७ मध्ये आणि उत्तरेला गॉसफर्डपर्यंत १९६० मध्ये, त्यामुळे सिडनीहून निघालेल्या पुष्कळ गाड्या आधी ४६ क्लास इलेक्ट्रिकवर निघायच्या आणि लिथगो किंवा गॉसफर्डला इंजिन बदलून डिझेल लागायचं, इगतपुरीला इंजिन बदलणं बघितलेल्या तुम्हा लोकांना हे वेगळं सांगायला नको. दक्षिणेकडच्या लाइनीवर मात्र लांबपर्यंत वीज नव्हती, तिथं ४४ सिडनीपासूनच लागायची.

मालगाडीवर एक अडचण खरी. अख्ख्या रुंदीच्या बॉडीमुळे ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, शंटिंग करताना खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बघायला लागतं. देखभालीला पण हूडवाल्या इंजिनाची दारं बाहेरून उघडतात, इथं आतल्या अरुंद बोळात वाकून काम. त्यामुळे छोट्या ब्रँच लाइनी आणि यार्डात हूडवाली, वजनानं हलकी ४८ क्लास लाडकी झाली, ती १६५ बनली, आणि ४४ मेनलाइनवर राहिली. आपल्याकडं डब्ल्यूडीएम-२ साठी हूड का निवडला त्याचं उत्तर पण यातच आहे.

प्रश्न (रत्नागिरी): एवढी चांगली इंजिनं होती तर गेली कशी? आमच्या कोकण रेल्वेवर वीज आली आणि डिझेल गेली, तिकडं पण तेच झालं का?

उत्तर: तिकडं वीज हे मुख्य कारण नव्हतं, मोठी डिझेल आली हे होतं. आधी १९७० पासून ४४२ क्लास आली, ४० इंजिनं, ती पण अल्कोच. त्या ऑर्डरच्या मधेच १९७२ मध्ये गुडविन कंपनी बसली आणि उरलेली इंजिनं कॉमनवेल्थ इंजिनिअरिंगनं पूर्ण केली. अमेरिकेत अल्कोनं स्वतःच १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलेलं. म्हणजे ज्यांनी डिझाइन केलं तेही गेले आणि ज्यांनी बांधलं तेही गेले, आणि शंभर इंजिनं रुळावर. तरी ४४ पुढं वीस वर्षं चालली, हे श्रेय शेडमधल्या माणसांचं, मी तर म्हणेन कुठल्याही डिझाइनरपेक्षा जास्त.

खरा धक्का १९८२ पासून. ३००० हॉर्सपॉवरची ८१ क्लास यायला लागली, क्लाइडनं बांधलेली जनरल मोटर्सची, ८० इंजिनं चार-पाच वर्षांत. जिथं दोन ४४ लागायच्या तिथं एक पुरायला लागली, काही ठिकाणी तर तीनच्या जागी दोन. त्याच वर्षी एक्सपीटी आली, ब्रिटिश हायस्पीड गाडीवरून बेतलेली, स्वतःचं इंजिन स्वतःच्या दोन्ही टोकांना घेऊन फिरणारी, तिनं दिवसाच्या एक्स्प्रेस घेतल्या. १९८६ मध्ये सदर्न अरोरा आणि स्पिरिट ऑफ प्रोग्रेस एकत्र करून एकच गाडी केली, १९९० मध्ये सिडनी-ब्रिस्बेन धावणाऱ्या ब्रिस्बेन लिमिटेडच्या जागी पण एक्सपीटी. ऐंशीच्या दशकात ४४ एकामागून एक बाजूला काढल्या गेल्या, आधी जी मोठ्या दुरुस्तीला आली ती परत दुरुस्त करायची नाही असं, आणि नव्वदच्या दशकात सरकारी सेवेतून पूर्ण गेल्या. काही सिल्वर्टन या खासगी कंपनीनं घेतल्या आणि थोडे दिवस अजून मालगाड्या ओढल्या.

मला विचाराल तर ४४ क्लास वाईट ठरली म्हणून गेली नाही. १९५७ मध्ये १८०० हॉर्सपॉवर पुरेसे होते, १९८२ मध्ये नव्हते, एवढंच. तुलनेसाठी ४० क्लास बघा, तीच अल्कोची पण आधीच्या इंजिनाची, ती साधारण २० वर्षांच्या आत संपली.

प्रश्न (सिडनी, पॅरामॅटा): आम्ही मूळचे सोलापूरचे, इथं येऊन बरीच वर्षं झाली. मुलाला इंजिनांचं वेड आहे. ताई-दादा जे कोण उत्तर देतं त्यांना विनंती, ४४ अजून कुठं बघायला मिळेल का?

उत्तर: मिळेल! पहिलं इंजिन ४४०१ जपलेलं आहे, आणि शंभरातली आणखी मोजकी हौशी मंडळींनी आणि संस्थांनी वाचवलीत, अधूनमधून हेरिटेज गाड्यांवर ती निघतात. तुम्हाला सर्वात सोयीचं म्हणजे थर्लमिअरचं एनएसडब्ल्यू रेल म्युझियम, सिडनीच्या नैर्ऋत्येला, पॅरामॅटाहून गाडीनं एका दिवसात आरामात जाऊन येण्यासारखं. तिथं ४० क्लासचं पहिलं इंजिन ४००१ पण आहे, ते चुकवू नका, कारण ४० आणि ४४ मधला फरक लक्षात आला की वर लिहिलेलं २४४ आणि २५१ चं प्रकरण मुलाला आपोआप समजेल. कुठलं इंजिन त्या दिवशी तिथं असेल ते जायच्या आधी म्युझियमला विचारून घ्या, ही इंजिनं दुरुस्तीला आणि टूरवर इकडून तिकडं जात असतात.

कधी दिल्लीला आलात तर चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डब्ल्यूडीएम-१ उभं आहे, मुलाला तेही दाखवा. आणि ४४ समोर उभे राहाल तेव्हा नाकाचा फोटो काढून लगेच वळू नका, मागं जाऊन त्या सपाट टोकाचा, दाराचा आणि खाली बोगीतल्या तीन चाकांच्या विषम अंतराचा पण काढा, आम्हाला पाठवा, नाव न देता पुढच्या अंकात छापू.